गोदामातला कागद कुणाच्या खात्यात?

वाचकांचे प्रश्न : राष्ट्रीय उत्पादन आणि वस्तुबाजाराचा समतोल

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न दोन प्रकरणांवरचे आहेत : देशाचं उत्पादन मोजायचं कसं, आणि वस्तुबाजाराचा समतोल, म्हणजे जितका माल बनतो तितकीच मागणी असते ती स्थिती, काढायचा कसा. पुस्तकात ही प्रकरणं वेगवेगळी छापलेली असतात, म्हणून ती वेगवेगळीच वाचली जातात आणि तिथेच घोटाळा होतो. या दोहोंना जोडणारा सांधा म्हणजे न विकलेला माल, अर्थात साठा. तो नीट कळला की पुढच्या कितीतरी शंका उरतच नाहीत. म्हणून सुरुवात त्याच प्रश्नाने करतो. सगळे आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत. एकक हवं ते धरा.

प्रश्न : एक कागद गिरणी वर्षभरात १०० चा कागद तयार करते, त्यातला ८० चा छापखान्याला विकते आणि मजुरीपोटी ६० देते. छापखाना तो सगळा कागद वापरून पुस्तकं छापतो, वाचकांना २०० ला विकतो आणि मजुरी ७० देतो. मूल्यवर्धन पद्धतीने (प्रत्येकाच्या उत्पादनातून त्याने विकत घेतलेला कच्चा माल वजा करून) माझं उत्तर २२० येतं. पण खर्च पद्धतीने २०० आणि उत्पन्न पद्धतीनेही २००. दोन पद्धती २०० म्हणतात, म्हणजे तेच बरोबर धरायचं का?

उत्तर : बरोबर आकडा २२० आहे. उरलेल्या दोन्ही पद्धतींत एकच चूक दोनदा झाली, म्हणून त्या एकमेकींशी जुळल्या. गोदामात पडून राहिलेला २० चा कागद दोन्हीकडून निसटला.

आधी खर्चाची बाजू घेऊ. वाचकांनी पुस्तकांवर २०० खर्च केले, हा उपभोग. उरलेला २० चा कागद यंदाच तयार झाला आहे, तेव्हा तो यंदाच्या उत्पादनात यायलाच हवा. राष्ट्रीय हिशेबाचा नियम असा, की जो माल बाहेरच्या कुणी घेतला नाही तो उत्पादकाने स्वतःच घेतला असं धरायचं आणि ती रक्कम ‘साठ्यातील बदल’ या नावाने गुंतवणुकीत लिहायची. २०० अधिक २०, झाले २२०.

आता उत्पन्नाची बाजू. गिरणीचा नफा तुम्ही ८० वजा ६० म्हणजे २० असा काढला असणार. तो रोकडीचा हिशेब झाला. मजुरांना दिलेले ६० हे सगळ्याच्या सगळ्या, १०० च्या कागदासाठी होते. मग वजाबाकीही १०० मधूनच करायची. गिरणीचा नफा ४०, छापखान्याचा २०० वजा ८० वजा ७० म्हणजे ५०. एकूण मजुरी १३०, एकूण नफा ९०, बेरीज २२०.

मूल्यवर्धनात तुमची चूक झाली नाही याचं कारण त्या पद्धतीत आपण उत्पादनापासून सुरुवात करतो, विक्रीपासून नाही. गिरणी १००, छापखाना २०० वजा ८० म्हणजे १२०.

पुढच्या वर्षीचं गणितही करून बघा, म्हणजे दुहेरी मोजणीची धास्ती जाईल. समजा गिरणीने ८० चा कागद बनवला, पण जुना २० चा साठाही काढून एकूण १०० चा विकला. छापखान्याने त्यातून २५० ची पुस्तकं विकली. मूल्यवर्धन : गिरणी ८०, छापखाना १५०, एकूण २३०. खर्च : पुस्तकं २५०, साठ्यातील बदल उणे २०, एकूण २३०. जुना कागद यंदाच्या पुस्तकात शिरला खरा, पण उणे २० ने तो तिथून वजा झाला. गिरणी आणि छापखाना एकाच मालकाने विकत घेतले तरी हे आकडे बदलत नाहीत. नुसत्या विक्रीची बेरीज मात्र त्या विलीनीकरणाने एकदम घसरेल, आणि म्हणूनच विक्रीची बेरीज हे उत्पादनाचं माप होऊ शकत नाही.

दोन गोष्टी जाता जाता सांगायला हव्यात. एक, साठ्यातल्या मालाचा भाव नुसता पडून राहून वाढला, तर ती वाढ उत्पादनात धरत नाहीत. काही नवं तयार झालेलं नसतं. दोन, उदाहरणात कर आणि घसारा नव्हते. ते आले की मजुरी, नफा, व्याज आणि भाडं यांच्या बेरजेत घसारा (यंत्रं-इमारतींची झीज) आणि अप्रत्यक्ष कर (अनुदानं वजा करून) मिळवल्याशिवाय उत्पन्नाची बाजू बाजारभावाच्या आकड्याला पोचत नाही. परीक्षेत उत्पन्न पद्धत चुकते ती जास्त करून इथेच. प्रत्यक्षातल्या सरकारी तक्त्यांत तर सगळं धरूनही बाजू तंतोतंत जुळत नाहीत, कारण खर्चाची आणि उत्पादनाची माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. म्हणून तिथे ‘तफावत’ नावाची वेगळी ओळच असते.

प्रश्न : उत्पादन = उपभोग + गुंतवणूक + सरकारी खर्च + निर्यात − आयात, या सूत्रात आयात वजा केलेली असते. मग आयात वाढली की देशाचं उत्पादन तेवढ्याने घटतं, असं म्हणता येईल का?

उत्तर : नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो सूत्राच्या मांडणीतून आला आहे. उपभोग, गुंतवणूक आणि सरकारी खर्च मोजताना वस्तू देशी की परदेशी हे आपण पाहत नाही. सगळा खर्च सरसकट धरतो. त्यामुळे त्यात परदेशी वस्तू आधीच शिरलेल्या असतात. त्या बाहेर काढण्यासाठी शेवटी आयात वजा करावी लागते.

कुणी ५० चा परदेशी फोन घेतला, तर उपभोग ५० ने वाढला आणि आयात ५० ने वाढली. अधिक ५०, उणे ५०, उत्पादनावर परिणाम शून्य. फोन देशात आला पण वर्षअखेर दुकानातच राहिला, तर अधिक ५० हे उपभोगाऐवजी साठ्यात लिहिलं जाईल, बेरीज तीच. लोकांनी देशी वस्तू सोडून परदेशी घ्यायला सुरुवात केली, तर उत्पादन घटू शकतं, पण ते देशी वस्तूंवरचा खर्च कमी झाल्यामुळे. वजाबाकीचं चिन्ह ही हिशेबातली दुरुस्ती आहे, त्यातून कारण वाचू नये.

प्रश्न : जुनं घर, शेअर, निवृत्तिवेतन, घरकाम. यांतलं काय धरायचं आणि काय नाही, हे पाठ करण्याला पर्याय आहे का?

उत्तर : आहे. प्रत्येक वेळी एवढंच विचारा : या काळात काही नवी वस्तू किंवा सेवा तयार झाली का?

जुनं घर विकलं तर घराची किंमत धरायची नाही, ते बांधलं त्या वर्षी धरून झालेली आहे. मध्यस्थाचं कमिशन मात्र धरायचं, ती यंदाची सेवा आहे. शेअरचंही तसंच : दलाली आत, शेअरची किंमत बाहेर. रोजच्या बोलण्यात शेअर घेणं ही ‘गुंतवणूक’ असते. राष्ट्रीय हिशेबात गुंतवणूक म्हणजे यंत्रं, इमारती, नवी घरं, संगणक प्रणाली, संशोधनावरचा खर्च आणि साठ्यातील बदल. निवृत्तिवेतन आणि बेकारभत्ता ही हस्तांतरणं. बदल्यात त्या क्षणी काही तयार होत नाही, म्हणून सरकारी खर्चात धरत नाहीत. पुढे येणाऱ्या वस्तुबाजाराच्या गणितात ती करातून वजा करायची असतात. कर २०० आणि हस्तांतरणं ४० असतील, तर सूत्रात कराच्या जागी १६० घालायचे. सरकारी शाळेतल्या शिक्षकांचा पगार मात्र सरकारी खर्चात येतो. त्या शिकवण्याला बाजारभाव नाही, म्हणून त्याची किंमत त्यावर झालेल्या खर्चाइतकी धरली जाते.

घरकामाच्या बाबतीत हा नियम मोडतो, हे स्पष्टच सांगायला हवं. स्वयंपाक, मुलांचं संगोपन, आजाऱ्याची शुश्रूषा या सेवा रोज नव्याने तयार होतात, तरी घरच्या माणसाने बिनमोबदला केल्या तर त्या मोजल्या जात नाहीत. याउलट स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याचं मानीव भाडं (ते घर भाड्याने दिलं असतं तर मिळालं असतं ते) मात्र मोजलं जातं. यामागची कारणं व्यवहाराची आहेत : घरभाड्याचा बाजार असतो, घरकामाच्या तासांची किंमत ठरवणं अवघड असतं. पण त्यामुळे घरात राबणाऱ्यांचे, मुख्यतः स्त्रियांचे, कष्ट आकड्यांतून गळतात ही गोष्ट खरीच राहते. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे १९२९ ते १९३२ या वर्षांच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज मांडले, तेव्हाच या आकड्यावरून लोकांचं कल्याण जोखता येत नाही असा इशारा त्यांनी दिला होता. हा आकडा बाजारातल्या उत्पादनाची हालचाल दाखवतो, आणि ते काम तो चांगलं करतो.

प्रश्न : आधारभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमतींनी उत्पादन मोजायचं ते) बदललं की वाढीचा दर बदलतो. वाढ एकच, मग दर दोन कसे?

उत्तर : दोनच वस्तू घेऊ. पहिल्या वर्षी १०० खुर्च्या प्रत्येकी १० ला आणि ५० दिवे प्रत्येकी २० ला. एकूण २०००. दुसऱ्या वर्षी ११० खुर्च्या १२ ला आणि ८० दिवे १५ ला. एकूण १३२० अधिक १२००, म्हणजे २५२०. चालू किमतींनुसार वाढ २६ टक्के.

दुसऱ्या वर्षाचे नग पहिल्या वर्षाच्या किमतींनी मोजा : ११०० अधिक १६००, म्हणजे २७००. वाढ ३५ टक्के. आता उलट करा आणि दोन्ही वर्षांचे नग दुसऱ्या वर्षाच्या किमतींनी मोजा : पहिलं वर्ष १२०० अधिक ७५०, म्हणजे १९५०, दुसरं २५२०. वाढ २९.२ टक्के.

नग दोन्ही गणितांत तेच आहेत, बदललं आहे ते वजन. दिवे स्वस्त झाले आणि त्यांचेच नग सर्वांत जास्त वाढले. जुन्या किमती धरल्या की दिव्याला २० चं वजन मिळतं आणि वाढ फुगते. नव्या धरल्या की १५ चं मिळतं आणि वाढ आखडते. आधारभूत वर्ष जितकं जुनं, तितकी ही फूग मोठी. संगणकाच्या किमती झपाट्याने उतरत गेल्या तेव्हा हा दोष फारच ठळक झाला. अमेरिकेने १९९६ मध्ये शेजारशेजारच्या दोन वर्षांची दोन्ही गणितं करून त्यांची भूमितीय सरासरी घ्यायची आणि वर्षं साखळीसारखी जोडत जायची, ही पद्धत मुख्य आकड्यांसाठी स्वीकारली. आपल्या उदाहरणात १.३५ गुणिले १.२९२ याचं वर्गमूळ सुमारे १.३२१, म्हणजे वाढ ३२.१ टक्के.

किंमत निर्देशांक काढताना चालू किमतींच्या आकड्याला स्थिर किमतींच्या आकड्याने भागायचं : २५२० भागिले २७००, म्हणजे ०.९३३. किमती ६.७ टक्क्यांनी उतरल्या. इथे ‘चालू वाढ म्हणजे वास्तव वाढ अधिक भाववाढ’ हे सोपं सूत्र वापरलं तर ३५ वजा ६.७ म्हणजे २८.३ येतात, खरा आकडा २६ असूनही. ते सूत्र लहान टक्क्यांपुरतंच चालतं. मोठ्या बदलात गुणाकार करा : १.३५ गुणिले ०.९३३ म्हणजे १.२६.

प्रश्न : पुस्तक एकीकडे सांगतं, बंद (परदेशी व्यापार नसलेल्या) अर्थव्यवस्थेत उत्पादन म्हणजे उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च, आणि हे नेहमीच खरं असतं. दुसरीकडे तेच समीकरण सोडवून ‘समतोल उत्पन्न’ काढायला लावतं. जे कुठल्याही आकड्याला खरंच आहे, त्यातून एकच उत्तर कसं निघेल?

उत्तर : निघणार नाही, तुमचा संशय रास्त आहे. या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बऱ्याच पुस्तकांत तो दोन ओळींत उरकला जातो.

कागदावर सारखी दिसणारी समीकरणं इथे तीन प्रकारची असतात. पहिली नित्यसमानता : हिशेबाच्या व्याख्येमुळेच खरी, ती चुकूच शकत नाही. दुसरं वर्तनाचं समीकरण : लोक कसे वागतात याबद्दलचं आपलं गृहीतक, जे चुकू शकतं. तिसरी समतोलाची अट : ती पुरी होईल किंवा होणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात ‘गुंतवणूक’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने येतो, आणि गोंधळाचं मूळ तेच आहे.

उदाहरण घेऊ. उपभोग = १२० + ०.७५ × (उत्पन्न − कर). कर १६०, उद्योजकांनी ठरवलेली गुंतवणूक १००, सरकारी खर्च २००. मागणी म्हणजे उपभोग, ठरवलेली गुंतवणूक आणि सरकारी खर्च यांची बेरीज. करामुळे उपभोगातून ०.७५ × १६० म्हणजे १२० जातात. तेव्हा मागणी = १२० − १२० + १०० + २०० + ०.७५ × उत्पन्न, म्हणजेच ३०० + ०.७५ × उत्पन्न. समतोलाची अट : उत्पादन मागणीइतकं हवं. उत्पादन वजा ०.७५ उत्पादन म्हणजे ३००, ०.२५ ने भागा, उत्तर १२००.

ताळा करायला विसरू नका. हातातलं उत्पन्न १२०० − १६० = १०४०. उपभोग १२० + ७८० = ९००. मागणी ९०० + १०० + २०० = १२००. जुळलं. दुसरा ताळा बचतीचा : खासगी बचत १०४० − ९०० = १४०, सरकारी बचत १६० − २०० = उणे ४०, एकूण १००, तेवढीच गुंतवणूक. गणित बरोबर सोडवूनही ताळ्यात गुण जातात ते एका कारणाने : उपभोग काढताना ०.७५ ला पूर्ण १२०० ने गुणलं जातं, कर वजा करायचा राहतो.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे या. कारखान्यांनी १२०० ऐवजी १३०० चा माल बनवला तर? उत्पन्नही १३०० होईल. हातातलं उत्पन्न ११४०, उपभोग १२० + ८५५ = ९७५, मागणी ९७५ + १०० + २०० = १२७५. बनवला १३०० चा, खपला १२७५ चा. २५ चा माल गोदामात, आणि तो कुणी ठरवून ठेवलेला नाही. सांख्यिकी खात्याचा हिशेबनीस काय करेल? कागद गिरणीच्या वेळी केलं तेच. तो हे २५ साठ्यातील बदल म्हणून गुंतवणुकीत लिहील. त्याच्या वहीत गुंतवणूक १२५, उपभोग ९७५, सरकारी खर्च २००, बेरीज १३००. नित्यसमानता शाबूत आहे, समतोलाची अट मोडली आहे.

उलट बाजूने ११०० बनवले, तर हातातलं उत्पन्न ९४०, उपभोग ८२५, मागणी ११२५. मालकांना नको असताना साठ्यातून २५ उपसले गेले. वहीत गुंतवणूक ७५ आणि बेरीज पुन्हा जुळलेली, ११००.

थोडक्यात, वही झालेली गुंतवणूक मोजते आणि समतोलाची अट ठरवलेल्या गुंतवणुकीबद्दल बोलते. दोहोंतला फरक म्हणजे न ठरवता वाढलेला किंवा आटलेला साठा. समतोल म्हणजे हा फरक शून्य.

हा फरकच अर्थव्यवस्थेला हलवतो. माल पडून राहिला की कारखाने उत्पादन कमी करतात. गेल्या खेपेला जितकं खपलं तितकंच या खेपेला बनवायचं, असा साधा नियम धरला तर १३०० नंतर १२७५, मग १२५६.२५, मग सुमारे १२४२. समतोलापासूनचं अंतर दर खेपेला पाऊणपट होतं : १००, ७५, ५६.२५, ४२.२. म्हणून बाजाराकडे लक्ष ठेवणारे लोक साठ्याचे आकडे बारकाईने बघतात. अडचण अशी की प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यात ठरवलेला आणि न ठरवलेला साठा वेगळा दाखवलेला नसतो. साठा वाढला म्हणजे माल खपला नाही असंही असेल, किंवा पुढे मोठी विक्री होणार म्हणून दुकानदारांनी मुद्दाम भरून ठेवला असंही असेल. सोबत विक्रीचा आकडा पाहावा : विक्री घसरताना साठा वाढत असेल, तर पहिली शक्यता बळावते.

प्रश्न : याच मॉडेलची आकृती काढताना माझी मागणीची रेषा चुकीच्या उंचीवर सुरू होते, असा शेरा मिळाला. चूक कुठे?

उत्तर : बहुधा तुम्ही ती १२० वर सुरू केली. १२० हा उपभोगाच्या समीकरणातला आकडा. मागणीच्या रेषेचा आरंभ सगळ्या स्वायत्त, म्हणजे उत्पन्नावर अवलंबून नसलेल्या, खर्चांच्या बेरजेवर, म्हणजे ३०० वर होतो. चढ ०.७५, म्हणून ती ४५ अंशांच्या रेषेपेक्षा (जिच्यावर मागणी आणि उत्पादन सारखे असतात) कमी चढणीची हवी आणि तिला १२०० वर छेदणारी. दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घ्या, नाहीतर ४५ अंशांच्या रेषेला अर्थ उरत नाही. चढ १ धरला, म्हणजे वाढीव उत्पन्नातला पैनपै खर्च होतो असं मानलं, तर दोन्ही रेषा समांतर जातात आणि समतोल मिळतच नाही. उपभोग प्रवृत्ती, म्हणजे वाढीव उत्पन्नातला खर्च होणारा हिस्सा, १ पेक्षा कमी का घ्यावी लागते, त्याचं आकृतीतलं उत्तर हेच.

प्रश्न : सरकारी खर्च २० ने वाढला तर उत्पन्न ८० ने वाढतं म्हणतात. खिशातून गेले २०, मग उरलेले ६० आले कुठून?

उत्तर : तीच रक्कम पुन्हा पुन्हा कुणाचं तरी उत्पन्न होते म्हणून. सरकारने २० चा माल घेतला, तो बनवणाऱ्यांचं उत्पन्न २० ने वाढलं. त्यांनी १५ खर्च केले, ते दुसऱ्यांचं उत्पन्न. त्यांनी ११.२५, पुढच्यांनी ८.४४. चार फेऱ्यांत बेरीज ५४.७, आठ फेऱ्यांत ७२, आणि ती ८० कडे सरकत राहते. खर्च वाढला की उत्पन्न त्याच्या कितीपट वाढतं ते सांगणारा आकडा म्हणजे गुणक = १ ÷ (१ − ०.७५) = ४. प्रत्येक फेरीत खरोखर माल बनतो, हे विसरू नये. नुसत्या नोटा फिरून उत्पन्न होत नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये ही साखळी रोजगारासाठी मांडली, आणि १९३६ मध्ये जॉन मेनार्ड केन्स यांनी तिला आपल्या सिद्धांताच्या मध्यभागी आणलं.

इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांची होते. उत्पन्न १२८० वर जाऊन तिथेच राहायचं, तर सरकारला दर वर्षी २२० खर्च करत राहावं लागतं. एकदाच २० जास्त खर्चून पुढच्या वर्षी पुन्हा २०० वर आलात, तर पहिल्या वर्षी उत्पन्न २० ने वर जाईल, मग १५ ने, मग ११.२५ ने, आणि हळूहळू पुन्हा १२०० वर येईल. त्या सगळ्या जादा उत्पन्नाची बेरीज ८० होईल, पण पातळी वाढलेली राहणार नाही.

कर २० ने कमी केला तर परिणाम ८० नाही, ६० असतो. कारण कपातीतल्या २० पैकी ५ लोक बाजूला ठेवतात. पहिली फेरीच १५ ची होते. मग खर्च आणि कर दोन्ही २० ने वाढवले तर? ८० वजा ६० म्हणजे २०. सरकारी खर्च २२० आणि कर १८० घालून ताळा करा : १२० − १३५ + १०० + २२० = ३०५; ०.२५ ने भागून १२२०. अंदाजपत्रकाची तूट न वाढवताही उत्पन्न वाढतं, हा निष्कर्ष अर्थतज्ज्ञ त्रिग्वे हावेल्मो यांनी १९४५ मध्ये रीतसर सिद्ध करून दाखवला.

प्रश्न : सगळ्यांनी बचत वाढवली तर देशाची बचत वाढत नाही, हे पटत नाही. माझी बचत माझ्या हातात असते ना?

उत्तर : तुमची असते, सगळ्यांची मिळून नसते, कारण एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न. लोकांनी प्रत्येक उत्पन्नपातळीला २० कमी खर्च करायचं ठरवलं, म्हणजे १२० च्या जागी १०० आले. मागणी २८० + ०.७५ × उत्पन्न, समतोल ११२०. हातातलं उत्पन्न ९६०, उपभोग १०० + ७२० = ८२०, खासगी बचत १४०. आधीही १४० च होती. उत्पन्न ८० ने गेलं आणि बचतीत काहीच भर पडली नाही. कारण समतोलात खासगी बचत ही गुंतवणूक अधिक सरकारी तूट एवढीच राहू शकते, १०० अधिक ४०, आणि ते दोन्ही आकडे हललेले नाहीत.

गुंतवणूक उत्पन्नावर अवलंबून असेल तर गोष्ट आणखी बिघडते. गुंतवणूक = ४० + ०.०५ × उत्पन्न घ्या. १२०० ला ती १०० च येते. गुणक आता १ ÷ (१ − ०.७५ − ०.०५) = ५. तीच २० ची काटकसर उत्पन्न ११०० वर आणते, गुंतवणूक ९५ होते आणि खासगी बचत १३५. म्हणजे बचत करायला निघालेल्या लोकांची बचत ५ ने घटली.

यावरून बचत वाईट असं मात्र म्हणू नये. हे गणित थोड्या काळाचं आहे. किमती स्थिर, यंत्रं आणि माणसं रिकामी, आणि गुंतवणूक बचतीकडे पाहून बदलत नाही अशी गृहीतकं त्यात आहेत. पुरेसा काळ दिला, व्याजदर उतरले आणि ती बचत नव्या यंत्रांत गेली, तर उत्पादनक्षमता वाढते. मंदीत एकदम सगळ्यांनी हात आखडणं, यापुरता हा इशारा आहे.

प्रश्न : प्रत्यक्षात गुणक ४ एवढा मोठा ऐकायला मिळत नाही. मॉडेल चुकलं म्हणायचं का?

उत्तर : आपण घेतलेलं रूप फार सोपं आहे, म्हणून आकडा मोठा येतो. कर ठरावीक १६० न धरता उत्पन्नाच्या २० टक्के धरा : गुणक १ ÷ (१ − ०.७५ × ०.८) = २.५. वाढीव उत्पन्नातला दहावा हिस्सा आयातीवर जातो असं धरा : छेदात ०.१ ची भर, ०.४ चे ०.५, गुणक २. एवढ्या दोनच गोष्टींनी तो निम्म्यावर आला. त्यापुढे व्याजदर आहेत : मागणी वाढली म्हणून मध्यवर्ती बँकेने दर चढवले तर काही खासगी गुंतवणूक मागे हटते. आणि कारखाने आधीच पूर्ण क्षमतेने चालत असतील तर नव्या मागणीने माल वाढत नाही, भाव वाढतात. मंदीत, दर तळाला असताना, हे दोन्ही अडथळे नसतात, म्हणून तोच खर्च तेव्हा जास्त परिणाम करतो.

लहान गुणकाची एक बाजू भल्याचीही आहे. ठरवलेली गुंतवणूक २० ने कोसळली, तर गुणक ४ असताना उत्पन्न ८० ने पडतं, २ असताना ४० ने. उत्पन्न उतरलं की कर आपोआप कमी वसूल होतो आणि लोकांच्या हातात त्यातलं थोडं राहतं. त्यासाठी कुणाला नवा निर्णय घ्यावा लागत नाही.